जाळं फाडायचं की कासव मरू द्यायचं?

हर्णैचा तांडेल: परवा पहाटे जाळं ओढताना सुरमईबरोबर कासव आलं. ऑलिव्ह रिडले. पुढच्या वल्ह्यासारख्या पायात दोरा इतका रुतलेला की कातडं पांढरं पडलं होतं. कासवाला फुप्फुसं असतात, वर येता आलं नाही की पाण्यातच गुदमरतं. मान वर करून श्वास घेतला, तर आवाज थेट दमेकरी म्हाताऱ्याचा. सुरी घेतली नि जाळं कापलं. खलाशी भडकला, "त्याच्यापायी आपल्या पोटावर पाय?" तेव्हापासून डोक्यात तेच. माणसाचा जीव मोठा की नाही?

परळचा चाकरमानी: उत्तम केलंत! जीव सगळ्यांचे सारखेच. शंकराच्या देवळातही कासवाला हात लावूनच आत जातो आपण.

दोडामार्गचो: मुंबैत बसान सगळे जीव सारखेच दिसतत. २००२ पासून कर्नाटकातसून हत्ती येतत आमच्याकडे. बापाशीन लायलेले माड एका रातीत आडवे. माणसांय मेली. रातचो कुत्रो भुकलो तरी बायल माका भायर सोडणा नाय. आधी माणूस, मगे हत्ती.

परळचा चाकरमानी: पण जंगल तोडून रबर कुणी लावलं?

दोडामार्गचो: माझ्या बागेत जंगल नव्हतां, आज्याचां भात होतां.

दापोलीची मास्तरीण: त्याच जाळ्यातल्या सुरमईसाठी कुणी हळहळलं नाही, बघा. चाकरमानी, रविवारी तुकडी किती जाड हवी एवढंच विचारता ना? मी मासे खाते, म्हणून सरळ सांगते, मी माणसाला वर ठेवते. पण वर ठेवलं म्हणजे वाटेल ते करायची मुभा नव्हे. ते कासव कुणाच्या पोटासाठी मरत नव्हतं, फुकट मरत होतं.

वेळासकडचा: आमच्याकडे किनाऱ्यावर पूर्वी कासवाची अंडी उकरून खायचे, विकायचे. एका घरट्यात शंभरेक अंडी, मग पाप कसलं! २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी राखायला घेतली, पुढे कासव महोत्सव, घरोघरी पाहुणे. आता कासवच आम्हाला पोसतं. खरं बोलू? आम्ही सुधारलो असं नाही, कासवाचा भाव वाढला. पाहुणे यायचे थांबले तर काय, याची धास्ती वाटते.

हर्णैचा तांडेल: बाई, फुकट मरत होतं हे पटलं. पण वाचवणं फुकटात होत नाही. शासन २०१८ पासून कापलेल्या जाळ्याची भरपाई देतं, जास्तीत जास्त २५ हजार. त्यासाठी कासव सोडतानाचा फोटो लागतो. माझा एक हात कासवावर, दुसऱ्यात सुरी, आणि खलाशी पाठ फिरवून बसलेला. फोटो काढणार कोण?

दोडामार्गचो: तांडेलानू, आमका पंचनाम्याक तरी माणूस येता!

हर्णैचा तांडेल: 😄 आता जाळं शिवायला बसलोय. सुईत दोरा भरून देतोय तोच खलाशी.