गोव्यातलं बंद घर: भाड्याने द्यावं की अदलाबदलीला?

म्हार्दोळची लेक:
आमच्या वाड्यावर कुलूपबंद घरं वाढत चालली आहेत. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, मागोमाग आईवडीलही तिकडेच, घर उघडतं ते चवथीला. माझं स्पष्ट मत आहे की अशी घरं पर्यटकांना दिवसाच्या दराने देऊ नयेत. लॅपटॉपवर घरून काम करणारी, फिरती कुटुंबं असतात, त्यांच्याशी अदलाबदल करावी. ते आपल्या घरी, आपण त्यांच्या. भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही.

यात नवीन काही नाही. कमी खर्चात परदेश बघता यावा म्हणून युरोपातल्या शिक्षकांनी 1953 साली इंटरव्हॅक हे घर-अदलाबदलीचं जाळं सुरू केलं, होमएक्सचेंज ही तसलीच दुसरी सेवा 1992 पासूनची. आता दोघांनी एकाच वेळी घर सोडायला हवं असंही नाही. अशा सेवेची वर्षाची वर्गणी भरायची. कुणी तुमच्याकडे राहिलं की पॉइंट जमा होतात, ते तिसऱ्याच कुणाच्या घरी वापरायचे.

आम्ही ओळखीतून कोथरूडच्या एका कुटुंबाशी घर बदललं, ऐन पावसात. ते इथून ऑफिसचं काम करत होते, आम्ही त्यांच्या फ्लॅटवरून. परत आलो तेव्हा कपाटातल्या साड्यांना वास नव्हता, भिंतीला बुरशी नव्हती. जुनं घर पावसाळाभर बंद राहिलं की काय होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

बार्देशवाला:
ताई, मला हे पटत नाही. आमच्याकडे सुरुवात अशीच झाली. माणसं महिनाभर राहायला आली, आवडलं, मग घरं विचारायला लागली. आज आसगाव-शिवोलीत म्हापशाला नोकरी करणाऱ्या पोराने भाड्याचं घर शोधून दाखवावं. घरमालकांना अकरा महिन्यांचा करार नको, सीझन हवा. अदलाबदलीत पैसा नसेल, पण येणारा माणूस तोच. पाणीही तेवढंच वापरणार. एप्रिल-मे मध्ये अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी आमच्या नळाला कसं येतं ते बघून जा.

म्हार्दोळची लेक:
दादा, भाडं चढतं ते पैशामुळे. अदलाबदलीत घर बाजारात जातच नाही. आणि येणाऱ्याचं स्वतःचं घर असतं, नाहीतर तो बदलात देणार काय?

बार्देशवाला:
तेच तर. ज्याच्याकडे आधीच घर आहे त्याचीच सोय. आमच्या गावात भाड्याने राहणाऱ्याला यात काय?

साखळीहून:
दोघेही घर एकाचंच आहे असं धरून बोलताय. इथल्या नागरी कायद्याने मुलगा-मुलगी सगळ्यांचा वाटा सारखा. आजोबांच्या नावावरचं घर, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेली नाही, वाटेकरी मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले. एका भावाने चावी परक्याच्या हातात दिली की दुसऱ्याचा फोन येतो, मला का नाही विचारलं? आमच्या नात्यात यावरून बोलणं बंद झालेलं आहे. भाडं असतं तर निदान वाटून तरी घेतलं असतं. पॉइंट कसे वाटणार? आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या, मग पुढचं.

पेडण्याची काकू:
आणि देवघराचं काय? आमच्याकडे सोमवारी चुलीवर मासळी चढत नाही. पाहुण्याला हे सांगणार कोण? सांगितलं तरी तो का पाळणार?

म्हार्दोळची लेक:
काकू, आम्ही देवघराला कुलूप घातलं, शेजारच्या मावशी सकाळी येऊन दिवा लावून जायच्या. सोमवारचं आधीच सांगितलं होतं, त्यांनी पाळलं. भाडं भरून आलेल्याला एवढं सांगता येत नाही. इथे त्याचंही घर आपल्या ताब्यात असतं, म्हणून दोन्हीकडे जपणूक होते.

लॅपटॉपवाला, पुणे:
अशा बदलात मी फोंडा तालुक्यात राहिलोय म्हणून लिहितो. घर सुंदर, माणसं चांगली, पण कामाचं ठिकाण म्हणून फोटोवर जाऊ नका. पावसात माडाची झावळ तारेवर पडली की वीज गेली, ती कधी येईल सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे होते, राउटरचा पॉइंटच नव्हता! मीटिंगच्या मधोमध मी बंद. मोबाइलला रेंज फक्त व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात, आणि तिथे पागोळ्यांचा एवढा आवाज की समोरच्याला काही ऐकू जाईना. विहिरीचा पंप हवा धरतो, आधी पाणी ओतावं लागतं, हेही कुणी लिहून ठेवलं नव्हतं. यजमानांनी इन्व्हर्टरवर काय चालतं, कुठल्या कंपनीचं सिम लागतं, वायरमनचा आणि पाडेल्याचा (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याचा) नंबर, हे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवावं. एवढं असेल तर मी पुन्हा येईन, हॉटेलात नाही जाणार.

साखळीहून:
परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावं लागतं. पैसे घेतले नाहीत म्हणून त्यातून सुटका नाही. देशातला असला तरी ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्या. शेजाऱ्यांनी विचारण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.

बार्देशवाला:
शेजाऱ्यांचं निघालंच म्हणून सांगतो, माझा विरोध तिथेच आहे. चावी कुणाला द्यायची हे मालक ठरवतो, आणि रात्री अकराला गेट उघडून द्यायला, पंप बिघडला तर धावायला शेजारी. ताई, तुमच्या मावशी रोज दिवा लावायला आल्या, पाहुण्यांवर लक्ष ठेवलं. त्या बदलात त्यांना काय मिळालं?

म्हार्दोळची लेक:
त्यांचा मुलगा बंगळुरूला इंटरव्ह्यूला जाणार आहे. आमच्या खात्यावर कुणाचे पॉइंट जमा झाले तर पहिले त्याच्यासाठी वापरायचे, असं घरात ठरलंय.

बार्देशवाला:
हे चांगलं केलंत. पण प्रत्येक मालक करेल याची हमी कोण देणार? माझं मत अजून तेच आहे.