क्रूझवरील गायिकेचा करार स्वीकारावा का? प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मत हवे आहे

गानवेल्हाळ (प्रश्न):
नमस्कार. मी रंगमंचावर गाणारी व्यावसायिक गायिका आहे. एका मोठ्या प्रवासी जहाजावरील संगीतप्रधान कार्यक्रमांसाठी माझी निवड झाली असून, जमिनीवरील तालमी धरून सुमारे आठ महिन्यांचा करार देऊ केला आहे. समाजमाध्यमांवर या कामाचे जे चित्र दिसते त्यात निळे पाणी आणि टाळ्या यांखेरीज फारसे काही नसते, म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. तिथला दिवस कसा जातो? गाण्यात भर पडते, की तेच ते गाऊन गळा आणि बुद्धी दोन्ही बोथट होतात? परत आल्यावर या क्षेत्रातले लोक हा काळ जमेस धरतात का? शिवाय मध्यस्थाने जागा निश्चित करण्यासाठी माझ्याकडे शुल्क मागितले आहे. अशी पद्धत आहे का, हेही कृपया सांगावे.

पडद्यामागची:
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. पैसे देऊ नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या सागरी कामगारांविषयीच्या करारानुसार जहाजावरील नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशी-पुस्तिका आणि पारपत्र यांचा खर्च आपल्याला करावा लागू शकतो. व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाचा असतो.

आता दिवसाविषयी. मी काही वर्षे अशाच संचात गात होते, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला एकच गोष्ट सांगत असे, की तिथे तुम्ही आधी जहाजाच्या कर्मचारी असता आणि नंतर गायिका. जहाजावर पाऊल ठेवल्यावर सुरुवातीचे दिवस गाण्यापेक्षा आग विझवणे, जीवरक्षक नौका आणि गर्दी हाताळणे यांच्या प्रशिक्षणातच जातात. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की रंगभूषा अर्धवट असली तरी नेमून दिलेल्या जागी हजर राहावे लागते. प्रवाशांची हजेरी घेणे आणि लाइफजॅकेट घालून दाखवणे ही कामे पुष्कळदा कलाकारांकडे येतात. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज बुडाले तेव्हा नुकतेच चढलेले अनेक प्रवासी आणीबाणीच्या कवायतीविनाच होते. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. म्हणजे प्रवाशांची नवी तुकडी आली की त्या दिवशी तुमची पहिली भूमिका हीच.

गाण्याचे म्हणाल, तर प्रेक्षकांच्या जेवणाच्या वेळा दोन असल्या की एकच कार्यक्रम एका संध्याकाळी दोनदा करावा लागतो. अनेक जहाजांवर मुख्य नाट्यगृह नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या भागात असते आणि समुद्र खवळला की वरखाली होण्याचा त्रास तिथेच सर्वाधिक जाणवतो. अशा रात्रीसाठी नृत्याची सौम्य आवृत्ती ठरलेली असते. उड्या आणि एकमेकांना उचलणे त्यातून वगळतात. गायिकेची अडचण निराळी असते. समुद्र लागू नये म्हणून घ्यायच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड आणि घसा कोरडा पडतो, गुंगी येते, आणि त्यात केबिनमधील वातानुकूलित कोरड्या हवेची भर पडते. कोणती गोळी आपल्याला सोसते हे पहिल्या प्रयोगाआधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने पाहून ठेवा.

राहण्याची सोय बहुधा दोघींत एक खिडकी नसलेली केबिन, बऱ्याचदा पाण्याच्या पातळीच्याही खाली. सोबतीण तुमच्याच संचातली असली तर रंगमंचावरचा रुसवा झोपायच्या जागेपर्यंत येतो. बंदर आले म्हणजे हिंडायला मिळतेच असेही नाही, कारण आणीबाणीसाठी ठरावीक कर्मचाऱ्यांना पाळीपाळीने जहाजावरच थांबावे लागते.

तालनोंद:
वरील सर्व मान्य आहे, मात्र कलेतील वाढीविषयी मला थोडे वेगळे सांगायचे आहे. मी जहाजावरील वाद्यवृंदात तालवाद्ये वाजवली. वादकासाठी ही उत्तम शाळा आहे: पाहुणा कलाकार दुपारी आपल्या स्वरलिपीचे कागद हाती देतो, एकच तालीम होते आणि रात्री भरलेल्या सभागृहापुढे ते निभावून न्यावे लागते. समोरचे वाचून लगेच वाजवण्याची जी सफाई त्यातून येते, ती जमिनीवर कमवायला फार वेळ लागतो. गायिकेला हा लाभ आपोआप मिळत नाही. मोठ्या निर्मितीतील गाणी कानात वाजणाऱ्या क्लिक-ट्रॅकला, म्हणजे ठरावीक लयीच्या मुद्रित ठोक्यांना बांधलेली असतात, त्यामुळे लय मनाप्रमाणे खेचता येत नाही आणि काही ठिकाणी तर संगीतही ध्वनिमुद्रितच असते. अचूकता वाढते, सातत्य अंगी बाणते, पण सहाव्या महिन्यातले गाणे दुसऱ्या महिन्यातल्या गाण्याहून निराळे असावे अशी अपेक्षाच तिथे कोणी करत नाही. ती आपण स्वतःच धरावी लागते.

परतण्याबाबत बोलायचे तर एक-दोन करार जमेचेच धरले जातात, कारण आजारपणातही शिस्तीने उभे राहणारा कलाकार अशी तुमची ओळख होते. धोका त्यापुढे आहे. घरभाडे नाही, जेवणाचा खर्च नाही, पगार शिल्लक राहतो, आणि पुढचा करार समोर येतो तेव्हा नाही म्हणायला कारण सापडत नाही. तोवर इकडचे आयोजक तुम्हाला बोलवायचे विसरलेले असतात. या कामाची सर्वांत मोठी किंमत मला तरी हीच वाटते. खिडकी नसलेल्या केबिनची सवय आठवडाभरात होते.

विश्रांतीबद्दलही लिहितो. कामाच्या कमाल तासांऐवजी विश्रांतीच्या किमान तासांची मर्यादा जी जहाजे पाळतात, त्यांवर कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. तिचे दोनच तुकडे करता येतात आणि त्यांपैकी एक किमान सहा तासांचा असावा लागतो. या तासांची नोंदवही दर महिन्याला सही करण्याआधी नीट वाचावी.

हातचलाखी:
मी पाहुणा कलाकार म्हणून जादूचे प्रयोग करतो, म्हणून तिसरी बाजू मांडतो. आमचा वर्ग विमानाने येऊन एक-दोन आठवड्यांसाठी जहाजावर चढतो, साधारण ४५ मिनिटांचे दोन वेगळे प्रयोग करतो आणि उतरतो. पुष्कळदा प्रवाशांच्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळते आणि कवायतीतील जबाबदारीही कमी असते. हेवा वाटावा असे हे आयुष्य आहे खरे, पण आम्ही ना कर्मचाऱ्यांच्या मेसमधले, ना प्रवाशांतले. शिवाय प्रेक्षक कुठे जात नाहीत. काल ज्याच्यापुढे युक्ती फसली तो आज लिफ्टमध्ये शेजारी उभा असतो आणि ती कशी फसली हे आपुलकीने समजावून सांगतो.

दर्जाचा हा प्रश्न केवळ खोलीपुरता नाही. १९१२ मध्ये टायटॅनिकवर बुडालेले आठही वादक एका एजन्सीमार्फत नेमलेले होते आणि दुसऱ्या वर्गाचे प्रवासी म्हणून नोंदलेले होते. परिणामी जहाजकंपनीने त्यांना आपले कर्मचारी मानले नाही. आज जहाजावर कोणतेही काम करणारी व्यक्ती मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनच्या व्याख्येत बसते, परंतु संशयाच्या प्रसंगी निर्णय संबंधित देशाच्या यंत्रणेकडे असतो आणि थोड्या दिवसांसाठी येणारे पाहुणे कलाकार त्याबाहेर राहू शकतात. तुम्ही पूर्ण करारावर असल्यामुळे ही चिंता तुम्हाला कमी आहे. शुल्काबद्दल एक भर घालतो: कलाकाराचा स्वतःचा एजंट मानधनातून टक्केवारी घेतो ती गोष्ट निराळी, नोकरीच्या आधी रोख मागणारा मध्यस्थ निराळा.

गानवेल्हाळ:
सर्वांचे मनापासून आभार. त्या मध्यस्थाला नकार कळवला आहे आणि कंपनीच्या निवड विभागाशी थेट पत्रव्यवहार सुरू केला आहे. करारात कोणत्या गोष्टी लिखित असाव्यात, याबद्दल कोणी मार्गदर्शन करेल का?

पडद्यामागची:
गाण्याव्यतिरिक्तची कामे कोणती आणि आठवड्याला किती तास, हे आधी लिहून घ्या; ग्रंथालय सांभाळण्यापासून चढणाऱ्या प्रवाशांचे स्वागत करण्यापर्यंत काहीही त्यात येऊ शकते. आजारपण किंवा दुखापत झाल्यास उपचार आणि परतीचा प्रवास कोणाच्या खर्चाने, घसा बसल्यास किती दिवसांनी पर्यायी गायिका बोलावली जाते आणि त्या दिवसांचे वेतन मिळते का, हेही विचारा. तालनोंद यांनी मांडलेल्या अडचणीवर माझ्या माहितीत एकच उपाय आहे, तो म्हणजे स्वतःच्या एकल कार्यक्रमाची संधी. काही कंपन्या मुख्य गायकांना छोट्या सभागृहात वाद्यवृंदासह स्वतंत्र मैफल करू देतात. त्यासाठी आपली गाणी आणि त्यांची स्वरलिपी तयार ठेवून जा आणि तो कार्यक्रम वेगळ्या मानधनाचा आहे की मूळ वेतनातच धरलेला आहे, हे सहीपूर्वी स्पष्ट करून घ्या. तालमीच्या काळातील वेतन जहाजावरील वेतनापेक्षा कमी असू शकते, तेव्हा त्या आठवड्यांचा दर आणि निवासाची सोय हीसुद्धा करारात आकड्यांनिशी असू द्या.