मदत हवी आहे: पगाराच्या सर्व्हरमधून नेमकं काय गेलं, हे कसं शोधायचं?

चाकणच्या एका कारखान्याचा पगाराचा सर्व्हर रॅन्समवेअरने लॉक झालाय. बॅकअप शाबूत आहे. काळजी कामगारांच्या आधार, पॅन आणि बँक खात्यांची आहे, कारण खंडणीच्या चिठ्ठीत डेटा आधीच नेल्याचं म्हटलंय. सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) ६ तासांच्या आत कळवलं. सर्व्हर बंद न करता फक्त नेटवर्कपासून तोडला (बंद केला तर मेमरीतला पुरावा जातो), मग मेमरी आणि डिस्कची प्रत घेतली.

अडचण इथे आहे: विंडोजचा सिक्युरिटी लॉग पुसलाय, इव्हेंट ११०२ (लॉग पुसल्याची नोंद) तेवढा दिसतो. सर्व्हर आवृत्तीत प्रीफेच (कोणते प्रोग्राम चालले याची विंडोजची नोंद) मुळातच बंद. एन्क्रिप्शनच्या नोंदींनी यूएसएन जर्नलमधला (डिस्कवरच्या फाइलींतल्या बदलांची नोंदवही) जुना भाग गेलाय. फायरवॉलवर बाहेर गेलेले बाइट्स दिसतात, फाइलींची नावं नाहीत. ॲमकॅशमध्ये (विंडोजने ठेवलेली प्रोग्राम्सची नोंद) मात्र आरक्लोन, म्हणजे फाइली क्लाउडवर कॉपी करणारं टूल, सापडलं.

आरक्लोनची पुसलेली कॉन्फिग फाइल (डेटा कुठे पाठवायचा ते सांगणारी सेटिंग्जची फाइल) डिस्कच्या मोकळ्या जागेतून किंवा मेमरीतून कुणी परत मिळवलीय का? कोणतं टूल वापरलं?

खात्री होईपर्यंत कामगारांना अंधारात ठेवणं मला मान्य नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करणं, क्रेडिट रिपोर्ट तपासणं आणि पैसे गेल्यास लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करणं, हे सोप्या मराठीत आणि हिंदीत सांगणारी तयार सूचना कुणाकडे असेल तर कृपया आजच द्या.