आंबा घाट उतरताना पुढचा ब्रेक मऊ पडतो. मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) बदलू का?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. बाईक १००० सीसी, चार सिलिंडर, २०१७ चं मॉडेल. सेकंडहँड घेतली, २१,००० किमी झालेत. पुढे ३२० मिमीच्या दोन डिस्क, रेडियल कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), एबीएस. कोल्हापुरात ब्रेक झकास लागतो. पण परवा आंबा घाट उतरून साखरप्याला जाताना सातव्या-आठव्या वळणावर लिव्हर पार आत आलं. मी दोन बोटांनी ब्रेक दाबतो. ग्रिपवरची उरलेली दोन बोटं लिव्हरखाली चेमटली तेव्हा पोटात गोळाच आला. दोनदा पंप केलं की कडक, पुढच्या वळणाला परत तेच. खाली टपरीवर अर्धा तास बसलो, तर ब्रेक पुन्हा नव्यासारखा!

मेकॅनिक म्हणतो, ब्रेम्बोचा १९ आरसीएस मास्टर सिलिंडर टाका, विषय संपला. किंमत ऐकून घरी अजून बोललेलो नाही. टाकू का?

लॅपटाइम:
आधी पॅड बदल. मी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर रेसचे पॅड वापरले, जबरदस्त चावतात.

तेरा_नंबर_पाना:
लॅपटाइमभाऊ, ते पॅड तापल्यावर चावतात. पावसात घाटात पहिल्या वळणाला थंड पॅडवर काय करायचं?

रंकाळाकाठ, भावा, पैसे खिशात ठेव. पॅड तापून फेल झाले तर लिव्हर कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. तुझं लिव्हर मऊ पडलं आणि थंड झाल्यावर सुधारलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. थंड झाल्यावर वाफेचं परत ऑइल होतं, म्हणून चहा पिऊन आलास तर सगळं ठीक.

डॉट ४ ऑइल हवेतली ओल ओढतं. ताजं असताना ते निदान २३०° पर्यंत उकळू नये असा नियम. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तीच हद्द १५५° वर येते. आपल्याकडचा पाऊस बघ आणि आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं ते विचार. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात. आरसीएसचा पिस्टन १९ मिमीचा, लिव्हरच्या खिळीपासून पिस्टनच्या दांडीपर्यंतचं अंतर १८ किंवा २० मिमी करता येतं, वस्तू देखणी आहे, फील खरंच सुधारतो. पण वाफ भरलेल्या पाइपावर तो तरी काय करणार?

आता दोन कामं. टाकीवर ओलं फडकं टाकून जुनं ऑइल पूर्ण काढ, सीलबंद डब्यातलं डॉट ४ किंवा ५.१ भर. नुसतं ५ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते घालू नकोस. हँडलवरची ऑइलची डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नकोस. एबीएसच्या ठोकळ्यात एअर गेली तर काही गाड्यांना शोरूमचा कॉम्प्युटरच लावावा लागतो. दुसरं, पुढचं चाक उचलून हाताने फिरव. जड फिरलं तर पिस्टन अडकतोय, पॅड डिस्कला घासत राहतो आणि ऑइल शिजतं.

आणि खरं सांग, कितव्या गिअरमध्ये उतरत होतास?

रंकाळाकाठ:
चौथ्या 😅 ब्रेक हलका धरूनच उतरत होतो.

तेरा_नंबर_पाना:
वाटलंच. दुसऱ्यात उतर, इंजिनला पण जरा काम दे. वळणाआधी ब्रेक दाबून वेग पाड आणि सोड. सारखा धरून ठेवलास तर डिस्कला थंड व्हायला वेळ कुठे मिळणार?

सह्याद्री_स्लिपर:
सात-आठ वर्षांचे रबरी पाइप दाब दिला की किंचित फुगतात. पुढे कधीतरी स्टीलच्या जाळीचे टाकून घ्या. पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर मात्र नवेच घाला. मी जुने घातले आणि रात्रभरात कॅलिपरवर ओघळ आला.

रंकाळाकाठ:
पानाकाका, रिपोर्ट. ऑइल काळ्या चहासारखं निघालं. उजव्या कॅलिपरचा एक पिस्टन अडकत होता. काढून साफ केला, दोन्ही सील नवे टाकले. काल तोच घाट, दुसऱ्या गिअरमध्ये, लिव्हर शेवटपर्यंत होतं तिथंच. आरसीएस रद्द.

फक्त ओलं फडकं टाकायचं विसरलो. टाकीवर ऑइलचा थेंब पडला, रंगाला रुपयाएवढा फोड आलाय. तो घरी दिसला, आणि मास्टर सिलिंडरच्या किमतीसकट सगळं बाहेर आलं.