स्पेन : यादवी युद्ध, फ्रँको आणि उशिरा उघडलेल्या कबरी

प्रश्न : पार्कवासी (दादर)

नमस्कार. आमच्या दादरच्या वाचनगटाने पुढील बैठकीसाठी विसाव्या शतकातील स्पेन हा विषय घेतला असून प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडले आहे. युद्धाचा घटनाक्रम पुस्तकांत मिळतो, त्याबद्दल विचारत नाही. १९३६ ते १९३९ चे यादवी युद्ध, त्यानंतर जनरल फ्रँको यांची छत्तीस वर्षांची राजवट, २० नोव्हेंबर १९७५ रोजी रुग्णालयात त्यांचा मृत्यू आणि तीनच वर्षांत सार्वमताने मंजूर झालेली लोकशाही राज्यघटना, एवढे ठाऊक आहे. ना क्रांती, ना खटले. हे सारे इतके सुरळीत पार पडले असेल, तर २०१९ मध्ये फ्रँको यांची शवपेटी थडग्यातून काढून दुसरीकडे नेण्याची गरज सरकारला का वाटली, आणि ऐंशी वर्षांपूर्वीच्या कबरी आता का उकरल्या जात आहेत? २०२४ च्या युरो करंडकाच्या अंतिम सामन्यापूर्वी राष्ट्रगीत वाजत असताना स्पेनचे खेळाडू ओठ मिटून उभे होते, कारण त्या गीताला शब्दच नाहीत, असे नंतर वाचले. त्याचाही या इतिहासाशी संबंध आहे का?

उत्तर : स्पॅनिश शिकवणारी (पार्ले)

राष्ट्रगीताचे आधी सांगते, कारण तिथे घाईने निष्कर्ष काढला जातो. ती धून अठराव्या शतकातील असून बहुतेक काळ शब्दांविनाच वाजत आली आहे, त्यामुळे तिचे मौन फ्रँको यांच्या माथी मारता येणार नाही. मात्र त्यांच्या काळात तिच्यावर ज्या ओळी म्हटल्या जात, त्या लोकशाहीत चालण्यासारख्या नव्हत्या आणि नव्या ओळींवर आजतागायत एकमत झालेले नाही. २००८ मध्ये ऑलिंपिक समितीच्या पुढाकाराने निवडलेले गीत टीकेचा भडिमार होताच काही दिवसांत मागे घ्यावे लागले.

तुमच्या मूळ प्रश्नात कळीचा आहे तो ऑक्टोबर १९७७ चा माफीचा कायदा. फ्रँको यांच्या माणसांनी स्वतःला वाचवण्यासाठी तो लादला, असे सर्रास लिहिले जाते, पण ते अर्धसत्य आहे. राजकीय कैद्यांना माफी मिळावी ही मागणी विरोधकांचीच होती आणि फ्रँको यांच्या तुरुंगात वर्षानुवर्षे राहिलेले कम्युनिस्ट कामगार नेते मार्सेलिनो कामाचो यांनी संसदेत त्या कायद्याच्या बाजूने भाषण केले होते. त्याच कायद्याच्या आडोशाला कैद्यांचा छळ करणारे अधिकारीही सुटले, हे दुसरे अर्धसत्य. लष्कर, पोलीस आणि न्यायालये तीच होती, हेही विसरता येत नाही. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी लेफ्टनंट कर्नल तेहेरो बंड करून हत्यारबंद शिपायांसह संसदेत घुसला आणि त्याच्या माणसांनी छतावर गोळ्या झाडल्या. ती भोके आजही सभागृहाच्या छतावर दिसतात. १९७७ मध्ये ज्यांनी तोंडावर बोट ठेवले, त्यांना भित्रे ठरवण्यापूर्वी ते छत डोळ्यांसमोर आणावे.

तरीही गप्प बसण्याची किंमत दोन्ही बाजूंनी सारखी मोजली नाही, आणि माझ्या मते आजचे सगळे वाद इथूनच फुटतात. विजयी पक्षाने आपले मृत १९३९ नंतर शोधून सन्मानाने पुरले आणि त्यांची नावे गावोगावच्या चर्चच्या भिंतींवर कोरली. हरलेल्यांची माणसे रस्त्याकडेच्या खड्ड्यांत, दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, नावाविना राहिली, आणि त्यांच्या विधवांना उघडपणे शोक करण्याचीही सोय नव्हती. म्हणजे सर्वांनीच मागचे विसरावे असे जेव्हा ठरले, तेव्हा एका बाजूचे दिवसकार्य उरकून जवळपास चाळीस वर्षे झाली होती आणि दुसऱ्या बाजूला मृतदेहही मिळालेला नव्हता.

म्हणूनच हे काम सरकारने नव्हे, नातवंडांनी सुरू केले. २००० साली लेओन प्रांतातील प्रियारान्सा देल बिएर्सो या गावाजवळ पत्रकार एमिलियो सिल्वा यांनी आपल्या आजोबांसह तेरा जणांची कबर उघडवली. पुढे डीएनए तपासणीने आजोबांची ओळख पटली आणि त्यातून ऐतिहासिक स्मृती परत मिळवण्यासाठी झटणारी संघटना उभी राहिली. न्यायाधीश गार्सोन यांनी २००८ मध्ये बेपत्ता व्यक्तींची जी मोजदाद समोर ठेवली, तिचा आकडा १,१४,२२६ होता. आकड्यापेक्षा मला पालेन्सिया शहरातील एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. तेथील जुन्या दफनभूमीवर लहान मुलांच्या खेळण्याची बाग झाली होती. २०११ मध्ये तिथे खोदकाम झाले, तेव्हा १९३६ साली गोळ्या घातलेल्या एका बाईच्या सांगाड्यापाशी रंगीत खुळखुळा मिळाला. आईला मारले तेव्हा वर्षाचाही नसलेला तिचा मुलगा २०१९ मध्ये ऐंशी ओलांडून गेला होता आणि त्या वर्षी तो खुळखुळा त्याच्या हातात देण्यात आला.

फ्रँको यांच्या थडग्याचे उत्तरही यातच आहे. माद्रिदजवळच्या डोंगरात १९४० ते १९५९ या काळात, काही अंशी राजकीय कैद्यांच्या श्रमातून, जे प्रचंड स्मारक उभारले गेले, तिथे दोन्ही बाजूंच्या तेहेतीस हजारांहून अधिक लोकांचे अवशेष आहेत. हरलेल्यांपैकी अनेकांचे अवशेष त्यांच्या नातेवाइकांना न विचारता आणले गेले, आणि मानाची जागा मात्र फ्रँको यांची. २४ ऑक्टोबर २०१९ ला ती शवपेटी तिथून हलली, ती या विसंगतीमुळे.

उत्तर : हुज्जतखोर (ठाणे)

वरील उत्तर उत्तम आहे, पण ते एका अंगाने झुकले आहे असे नम्रपणे सांगावेसे वाटते. प्रजासत्ताकाच्या, म्हणजे फ्रँको यांच्याविरुद्ध लढून हरलेल्या बाजूनेही पिछाडीला कत्तली झाल्या. जवळपास सात हजार धर्मगुरू, मठवासी आणि जोगिणी मारल्या गेल्या आणि १९३६ च्या अखेरीस माद्रिदबाहेर पाराकुएयोस येथे कैद्यांना नेऊन ठार करण्यात आले. ज्यांच्या घरातील माणूस असा गेला, त्यांना युद्ध आणि हुकूमशाहीतील बळींची दखल घेणारे २००७ आणि २०२२ चे स्मृतिविषयक कायदे एकतर्फी वाटतात, आणि ते सगळेच फ्रँकोप्रेमी आहेत असे मानणे अन्यायाचे होईल. शिवाय सरकार बदलले की स्मृतीही बदलते. आरागॉन प्रांताने २०२४ मध्ये आपला स्मृती कायदा चक्क रद्द केला. आपल्या मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींवर निदान श्रीकृष्ण आयोग बसला आणि १९९८ मध्ये अहवाल आला, त्यावर पुढे काय झाले हा निराळा विषय. स्पेनमध्ये लोकशाही आल्यावर दोन्ही बाजू एकदाच ऐकून घेणारा असा सत्यशोधन आयोग नेमलाच गेला नाही, आणि माझ्या मते खरी चूक ती आहे.

पार्कवासी

दोघांचेही आभार. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा लोकशाही समाज रोजच्या जगण्यात हे कुठे बाळगतो, यावर कोणी लिहील का? की हे फक्त संसदेतले आणि वर्तमानपत्रांतले भांडण आहे?

उत्तर : अनंतराव (मुलुंड)

रोजच्या जगण्यात ते पुष्कळ आहे, फक्त दर वेळी त्यावर इतिहासाची पाटी लावलेली नसते. १९४० मध्ये फ्रँको यांच्या सरकारने घड्याळे मध्य युरोपच्या वेळेशी जुळवली आणि ती पुन्हा मागे घेतलीच नाहीत. माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला असूनही तिथले घड्याळ बर्लिनचे आहे. स्पॅनिश माणूस रात्री दहाला जेवतो, यामागे हेही एक कारण आहे. केवळ हेच कारण असे मात्र कोणी सांगितले, तर मान डोलावू नये.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. कातालान, बास्क आणि गालिसियन या भाषा फ्रँको यांच्या राजवटीत शाळा आणि कचेऱ्यांतून हद्दपार होत्या. १९७८ च्या घटनेने त्यांना त्यांच्या प्रदेशांत राजभाषेचा दर्जा मिळण्याची वाट मोकळी केली, आणि आज बार्सिलोनातील शाळेत किती तास कोणत्या भाषेत शिकवावे यावरून प्रकरणे न्यायालयात जातात. भाषिक राज्यासाठी ज्या शहरात माणसांनी गोळ्या झेलल्या आणि ज्याच्या हुतात्मा चौकातून आपण रोज जातो, तिथल्या वाचकांना ही धग वेगळी समजावून सांगावी लागू नये. बास्क प्रदेशात याच दडपशाहीच्या काळात, १९५९ मध्ये, बास्क स्वातंत्र्यासाठी पुढे हत्यार उचललेली एटा ही संघटना जन्मली. तिने सशस्त्र कारवाया कायमच्या थांबवल्या त्या २०११ मध्ये, म्हणजे हुकूमशाही संपून छत्तीस वर्षे लोटल्यावर, आणि तिच्या बळींपैकी बहुसंख्य लोकशाहीच्या काळातील आहेत. हुज्जतखोर यांच्या तक्रारीत हाही मुद्दा यायला हवा होता.

स्त्रियांच्या बाबतीत तर काटा दुसऱ्या टोकाला गेला. १९७५ पर्यंत विवाहितेला नोकरी धरण्यासाठी किंवा बँकेत खाते उघडण्यासाठी नवऱ्याची परवानगी लागे आणि घटस्फोटाचा कायदा १९८१ मध्ये आला. त्याच देशाने २००५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तेव्हा असे करणारा तो जगातला तिसरा देश होता. चर्च आणि राजवट एकमेकांत इतकी मिसळून गेली होती की एकीचा पाडाव झाल्यावर दुसरीचा धाकही ओसरला, असे मला वाटते.

कलेसाठी पिकासो यांचे ‘गेर्निका’ पुरे आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्कांच्या त्या गावावर बॉम्ब टाकले, त्यावरचे हे चित्र. स्पेनमध्ये लोकस्वातंत्र्य परत येईपर्यंत ते तिथे जाऊ नये, ही चित्रकाराची अट होती. ते न्यूयॉर्कहून माद्रिदला आले सप्टेंबर १९८१ मध्ये, तेहेरोच्या बंडाला पुरते सात महिनेही झाले नव्हते, आणि सुरुवातीची अनेक वर्षे ते गोळी न भेदणाऱ्या काचेआड ठेवावे लागले. बास्क लोक ते आपल्याकडे मागतात आणि चित्र नाजूक झाले आहे या कारणावरून माद्रिद नकार देते.

प्रास्ताविकासाठी एक सुचवतो. नेहरू जून १९३८ मध्ये बार्सिलोनाला जाऊन आले, हे बहुतेकांना माहीत असते. पण नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह होते, पुढे लंडनला गेले आणि तिथून ‘जॉन स्मिथ’ या नावाने प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले. फ्रँको यांच्या सैन्याने त्यांना पकडून बंदी छावणीत ठेवले, १९३८ मध्येच त्यांची सुटका झाली आणि भारतात परतल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले. वाचनगटात दोन्ही विचारांची मंडळी असतील, तर हुद्दार यांच्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवा आणि चहा त्यानंतरच मागवा.