मदत हवी आहे: लेकीच्या जीआयईपी मीटिंगमध्ये नेमकं काय मागू?

नमस्कार मंडळी,

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, लेक चौथीत आहे. गेल्या वर्षी शाळेने तिची तपासणी केली आणि 'गिफ्टेड' म्हणून तिचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे जीआयईपी, तयार केला. या राज्यात 'चॅप्टर 16' नियमांमुळे शाळेला तो करावाच लागतो. केंद्राच्या कायद्यातला आयईपी फक्त अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आहे, त्यात हुशार मुलं येत नाहीत. माझी न्यू जर्सीतली मैत्रीण म्हणते, "तुमच्याकडे निदान कागद तरी आहे." कागद आहे, खरंच. त्यात उद्दिष्ट काय लिहिलंय, तर 'विद्यार्थिनी गणितातली आव्हानात्मक कोडी सोडवेल.' किती, कुठल्या पातळीची, सोडवली हे ठरवणार कोण, याचा पत्ता नाही.

प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा 45 मिनिटं तिला वेगळ्या वर्गात नेतात. बाकी चार दिवस वर्गातली गणितं झाली की तसलीच आणखी वीस देतात, नाहीतर शेजारच्या मुलाला समजावायला बसवतात. आता ती मुद्दाम हळू सोडवते. "लवकर संपवलं की अजून मिळतात ना!" आणि त्या 45 मिनिटांत बुडलेलं वर्गातलं काम मधल्या सुट्टीत पूर्ण करावं लागतं, म्हणून परवा म्हणाली, "मला त्या वर्गातून काढ." आईला फोनवर सांगितलं तर तिचं, "अगं, हुशार आहे ना, मग तक्रार कसली करतेस?" यावर काय बोलणार!

पुढच्या गुरुवारी वार्षिक मीटिंग आहे. गणितापुरतं तिला पाचवीच्या वर्गात बसवायला सांगू, की आहे त्याच वर्गात काही वेगळं मागू? पाचवीत बसवलं तर पुढच्या वर्षी प्रश्न येईल, कारण सहावी दुसऱ्या इमारतीत भरते. शिवाय शेवटी सहीला येणारा 'नोरा', म्हणजे शाळेने सुचवलेली व्यवस्था मान्य आहे का हे विचारणारा कागद, मी नाकारला तर शिक्षक लेकीवर राग काढतील, अशीही धास्ती आहे. बाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांच्या वर्गात सव्वीस मुलं आहेत.

प्रतिसाद

ताई, आमचा मुलगा यातून गेलाय, आता नववीत आहे. पाचवी की चौथी हा वाद नंतर. आधी आराखड्यातला 'सध्याची पातळी' हा भाग उघडा. तिथे नुसता बुद्ध्यंक आणि 'गणितात उत्तम' एवढंच असेल तर पुढचं सगळं मोघमच होणार. पाचवीच्या अभ्यासक्रमाची चाचणी घ्यायला लावा आणि तिला काय येतं ते तिथे लिहून घ्या. वार्षिक उद्दिष्टाखाली छोटे टप्पेही असायला लागतात, तेही मागा.

दुसरं, प्रत्येक धडा सुरू होण्याआधी त्याची चाचणी. जे येतंय ते वगळायचं आणि वाचलेल्या वेळात पुढचं शिकायचं. इथे याला 'कॉम्पॅक्टिंग' म्हणतात, शिक्षकांना शब्द माहीत असतो. मात्र हे वेगळं काम वर्गातल्या कामाऐवजी आहे, त्याच्यावर जादा नाही, असं लेखी हवं. सुट्टीचंही तसंच, बुडलेलं काम भरून घ्यायचं नाही, हे वाक्य आम्ही आराखड्यात घालून घेतलं होतं. शिकवण्याचा वेग वाढवणं, विषयाची खोली वाढवणं (एन्रिचमेंट) किंवा दोन्ही, असे तिन्ही मार्ग नियमांत बसतात. तेव्हा "आमच्याकडे फक्त एन्रिचमेंट असतं" हे उत्तर मान्य करू नका. सहावीची इमारत आत्ताच चर्चेत आणा. आम्ही ते विसरलो आणि मुलाने सहावीत अख्खं वर्ष तेच गणित परत केलं.

नोरावर तिथल्या तिथे सही करू नका, घरी आणा. 'मान्य नाही' म्हणणं म्हणजे भांडण नव्हे. पुढे मध्यस्थी असते, सुनावणीही असते, पण आमच्यावर ती वेळ आली नाही.

आणि लेकीला घेऊन जा. सोळा वर्षांखालचं मूल पालकांची इच्छा असेल तर बैठकीत बसू शकतं.

धागाकर्ती

मनापासून आभार! ऐवजी की जादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. लेकीला विचारलं, येशील का? म्हणाली, "येते, पण सुट्टीचं मी सांगणार, तू मध्ये बोलायचं नाहीस."