टाके मोजू नका, काज करून बघा

साध्या सरळ टीपेच्या मशीनवर इतकी वर्षं शिवल्यावर आता शंभर टाक्यांचं कॉम्प्युटराइज्ड मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते टाक्यांच्या संख्येवर जाऊ नका. घरच्या शिवणकामात सतत लागतात त्या सरळ टीप, झिगझॅग आणि काज. बाकी नक्षी हौसेपुरती.

बघायला जाताना स्वतःची कापडं न्या. दुकानातल्या कडक सुती तुकड्यावर कुठलंही मशीन छानच चालतं! जीन्सची दुमडलेली शिवण न्या (सुई 100 नंबरची), होजिअरी न्या (बॉलपॉइंट सुई). जाड शिवणीवर चढताना टाके बारीक होत असतील तर ते मशीन सोडून द्या. टीप उलट बाजूनेही बघा. तिथे वरच्या दोऱ्याचे फासे दिसले तर वरचा ताण सैल आहे, तो जुळवता येतो. काजं मात्र लागोपाठ दोन करा, दोन्ही हुबेहूब सारखी यायला हवीत.

आणि जुनं मशीन कृपया विकू नका. झिगझॅगच्या मशीनमध्ये सुईखालच्या प्लेटला सुईसाठी रुंद खाच असते, तिच्यात जॉर्जेट ओढलं जातं. सरळ टीपेच्या प्लेटला एकच बारीक भोक असतं, त्यामुळे तलम कापड त्यावरच नेटकं शिवलं जातं.